बिनकामाची आवड

मैत्रिणींनो, तुम्हांला एक प्रश्न विचारू? घरात कुणाच्याही काडीच्या उपयोगाची नाही अशी एखादी आवड तुम्हांला आहे का?

उत्तराची घाई करू नका. विणकाम म्हणाल, तर त्यातून लेकराला स्वेटर मिळतो. नवे पदार्थ करून बघण्याची हौस म्हणाल, तर ती घरच्यांच्या ताटात उतरते. शिवण, भरतकाम, कुंड्यांतली झाडं, रांगोळी, भजनी मंडळ, सगळ्यांतून घराला काही ना काही मिळतंच. म्हणून तर ह्या आवडींना घरात मान असतो. मी विचारते आहे ते निव्वळ बिनकामाच्या आवडीबद्दल. जिच्यातून ना पदार्थ निघतो, ना कपडा, ना पुण्य, ना चार पैसे.

मला अशी एक आवड आहे. गेली वीस वर्षं मी भारताच्या महिला क्रिकेट संघाची चाहती आहे. मी स्वतः कधी बॅट हातात धरलेली नाही. आमच्या घरातलं कुणी खेळाडू नाही. त्या संघातली एकही मुलगी मला ओळखत नाही, ओळखण्याचं कारणही नाही. तरी तिथे दूर कुठेतरी त्या हरल्या की इकडे दौलताबादला माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आता सांगा, ह्या आवडीचा कुणाला काय उपयोग?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री माझा हा संघ विश्वचषक जिंकला. त्या जिंकण्याबद्दल पुष्कळ लिहून आलं, फोटो आले, सत्कार झाले. ते सगळं मी हावरटासारखं वाचलं. पण घरात बसून, हातातली कामं न सोडता, वर्षानुवर्षं ह्या संघाची वाट बघणाऱ्या बाईच्या मनात काय आलं, ते कुठे वाचायला मिळालं नाही. म्हटलं, आपणच लिहावं.

सुरुवात झाली २००५ साली. माझं माहेर जालन्याचं. दहावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत घरी बसले होते. वडिलांचा दंडक असा, की रिकामा वेळ आहे तर पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. खेळाच्या पानावर अगदी तळाशी चार ओळी होत्या. दक्षिण आफ्रिकेत महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हरला. कर्णधार मिताली राज. १० एप्रिल २००५ चा तो सामना. मी त्या चार ओळी दोनदा वाचल्या. आपल्या मुली जगातल्या शेवटच्या दोन संघांत जाऊन पोचल्या, आणि मला त्याचा पत्ताच नाही! पुरुषांच्या संघातल्या अकराव्या गड्याचं नाव आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. मी त्या चार ओळी कापून इतिहासाच्या वहीत ठेवल्या. तिथून हे वेड लागलं ते लागलंच.

पुढे बी. ए. झाले, लग्न होऊन दौलताबादला आले. देवगिरीचा किल्ला बघायला तुमच्यापैकी कित्येक जणी शाळेच्या सहलीबरोबर येऊन गेल्या असतील. अंधारीतून जाताना एकमेकींचे हात घट्ट धरले असतील आणि परत जाताना रस्त्यावरून सीताफळांची टोपली घेतली असेल. त्याच गावात आमचं घर. हे वाळूजला कारखान्यात पाळीनं जातात. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. म्हणजे तास असेल तेवढ्यापुरती बाई, बाकी वेळ गृहिणी. घरात सासूबाई, आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा.

नव्या घरात आवडीनिवडी हळूहळू उघड कराव्या लागतात, हे तुम्हांला सांगायला नको. मला वांग्याची भाजी आवडत नाही हे सांगायला मला तीन वर्षं लागली. क्रिकेटचं मात्र २०१७ साली एकदम उघडं पडलं.

२३ जुलै २०१७. इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर अंतिम सामना. तीनच दिवसांपूर्वी उपान्त्य सामन्यात हरमनप्रीत कौरनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा ठोकल्या होत्या. त्या दिवशी आमच्याकडे दिव्यांची अवस. सगळे दिवे घासून-पुसून पाटावर मांडायचे, पूजा करायची, कणकेचे दिवे उकडायचे. मी एका हातानं दिवे घासत होते आणि एक डोळा टीव्हीवर. इंग्लंडच्या २२८ धावा झाल्या. आपली पूनम राऊत ८६ पर्यंत पोचली. ३ बाद १९१! म्हटलं, आता काय, जिंकलोच. आणि तिथून जी पडझड झाली, ती अठ्ठावीस धावांत सात जणी बाद. नऊ धावांनी हरलो. माझ्या तोंडून हुंदका निघाला, तशी हे बाहेरून धावत आले. "काय झालं? कोण गेलं?" मी म्हटलं, "सगळ्या गेल्या!"

त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरी हरल्या तर तुझं काय गेलं गं? जिंकल्या असत्या तर तुला काय ताम्रपट मिळणार होता?"

मैत्रिणींनो, त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. आयुष्यभर शेतात आणि चुलीशी राबलेली बाई. आपल्या वेळेतला एकेक घटका कशाच्या तरी उपयोगी लावायची, हेच त्यांना ठाऊक. आणि माझ्याजवळ खरोखर उत्तर नव्हतं. पुढे ८ मार्च २०२० ला, नेमक्या महिलादिनी, मेलबर्नला ८६ हजारांवर प्रेक्षकांसमोर वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपण पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून हरलो. तेव्हाही नव्हतं.

उत्तर शोधताना मी ह्या खेळाचा जुना इतिहास वाचू लागले. इतिहास शिकवणारी बाई, दुसरं काय करणार! आणि वाचता वाचता लक्षात आलं, की ह्या बाबतीत आपल्याआधी पुष्कळ वेड्या बायका होऊन गेल्या आहेत.

तुम्हांला ठाऊक आहे का, क्रिकेटचा पहिला विश्वचषक बायकांचा झाला? १९७३ साली, इंग्लंडमध्ये. पुरुषांचा पहिला विश्वचषक त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ ला. त्याच १९७३ साली आपल्याकडे भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. संघ किती? तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ साली शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली पाटण्याला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी जिंकली. १९७८ चा विश्वचषक तर भारतातच झाला, कर्णधार मुंबईच्या डायना एडलजी.

ह्या बायकांना त्यातून काय मिळत होतं? रेल्वेच्या बिनराखीव डब्यातून प्रवास, मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांनी ओळीनं जमिनीवर झोपायचं, वेळप्रसंगी पदरचे पैसे घालायचे. पुरुषांचा कारभार पाहणाऱ्या क्रिकेट मंडळात महिला क्रिकेट सामील झालं ते २००६ साली. म्हणजे मी ज्या चार ओळी कापून ठेवल्या होत्या, त्या २००५ च्या संघाला मंडळाचा आधारही नव्हता. मिताली राजनं एका मुलाखतीत सांगितलं आहे, की त्या विश्वचषकात सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले. आठ सामन्यांचे आठ हजार. जगात दुसऱ्या क्रमांकावर येण्याचे आठ हजार रुपये!

तेव्हा मला वाटलं, ह्यांच्याही घरी कुणीतरी म्हटलंच असेल ना, "ह्यानं काय पोट भरणार आहे?" तरी त्या खेळल्या. आपण नुसतं बघतो आहोत, तर आपण का लाजायचं? सासूबाईंना द्यायचं उत्तर तेव्हाही जमलं नाही, पण लाज मात्र गेली. तेव्हापासून सामना असला की मी आदल्या दिवशीच घरात सांगून टाकते, "उद्या माझी मॅच आहे." माझी म्हणजे मीच खेळणार असल्यासारखं! मुलं हसतात, हसू देत.

आता ह्या अंकात पाककृती आणि घरकामाच्या युक्त्या तुम्ही वाचताच, तर एक युक्ती माझीही घ्या. पन्नास षटकांचा सामना म्हणजे सात-आठ तासांचं काम. त्या दिवशी तळण काढू नये, पुरणाच्या वाटेला जाऊ नये. मटकी, चवळी आदल्या रात्री भिजत घालावी. कणीक आधी मळून ठेवावी. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, मेथी निवडणं ही कामं राखून ठेवावीत, ती टीव्हीसमोर बसून होतात. भाकरी दोन डावांच्या मधल्या सुट्टीत थापाव्यात. ह्या पद्धतीनं मी एकेका स्पर्धेत कितीतरी महिन्यांचा लसूण सोलला आहे. घर अडत नाही आणि सामनाही बुडत नाही. उलट "मॅच असली की घरात निवडलेली भाजी असते," असं हे चेष्टेनं म्हणतात.

तर, २०२५ चा विश्वचषक. स्पर्धा आपल्याकडेच. पहिले दोन सामने जिंकलो आणि मग ओळीनं तीन हरलो. दक्षिण आफ्रिकेशी, ऑस्ट्रेलियाशी आणि १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडशी. तो शेवटचा तर ऐन दिवाळीच्या तोंडावर, घरात चकल्यांचं पीठ मळलेलं. आपल्या सांगलीची स्मृती मानधना ८८ वर बाद झाली आणि हातात विकेट असूनसुद्धा चार धावांनी हरलो. नियम मोडून मी त्या दिवशी तळण काढलं होतं, त्या चकल्या जरा जास्तच खरपूस झाल्या. शेजारणी म्हणाल्या, "यंदा पण नाही वाटतं तुमच्या पोरींचं!" मी गप्प. हरणाऱ्या संघावर माया करणं म्हणजे उन्हाळ्यात विहिरीला पाणी येण्याची वाट बघण्यासारखं असतं. कुणी चेष्टा केली म्हणून बाई घागर फेकून देत नाही.

पुढे न्यूझीलंडला हरवून उपान्त्य सामन्यात पोचलो, पण सलामीची प्रतिका रावल पाय दुखावून बाहेर गेली. समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. ३० ऑक्टोबरला त्यांनी ३३८ धावांचा डोंगर उभा केला. एवढ्या धावा मागून गाठून बायकांच्या एकदिवसीय सामन्यात जगात कुणीच कधी जिंकलं नव्हतं. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज मैदानात उतरली. ह्याच स्पर्धेत एका सामन्याला तिला संघातून वगळलं होतं, बरं का! तिनं नाबाद १२७ केल्या, हरमनप्रीतनं ८९, आणि नऊ चेंडू राखून आपण जिंकलो. त्या संध्याकाळी आमच्या घरात मेथीच्या दोन जुड्या निवडायच्या तशाच राहिल्या. सासूबाईंनी त्या मुकाट्यानं पुढ्यात ओढल्या आणि टीव्हीकडे बघत बघत निवडू लागल्या.

२ नोव्हेंबरचा रविवार. कार्तिकी एकादशी. सासूबाईंचा उपवास, घरात भगर आणि शेंगदाण्याची आमटी दुपारीच करून ठेवलेली, तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणि चिंचा आणून ठेवलेल्या. नवी मुंबईला पाऊस. तीनला सुरू होणारा सामना पाच वाजता सुरू झाला. प्रतिकाच्या जागी आयत्या वेळी बोलावलेली एकवीस वर्षांची शफाली वर्मा. ही मुलगी मूळ संघात नव्हतीच! तिनं ८७ धावा केल्या. दीप्ती शर्मानं ५८. आपल्या २९८ झाल्या. नंतर हरमनप्रीतनं ह्याच शफालीच्या हाती चेंडू दिला आणि तिनं दोन बळी घेतले. पण दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुलव्हार्ट एका बाजूनं उभीच. तिचं शतक झालं तेव्हा आमच्या घरात पोरंसुद्धा चिडीचूप.

सासूबाई अंथरुणावरून उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लेकरू एकटंच झुंजतंय गं. हिला पण जिंकावंसं वाटत आसंल की." मला ते वाक्य फार आवडलं. वीस वर्षं मी चाहती आहे, पण समोरच्या संघातल्या मुलीकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

मग दीप्तीच्या चेंडूवर वुलव्हार्टनं उंच फटका मारला. अमनजोत कौर खाली. चेंडू हातात आला, उसळला, पुन्हा आला, पुन्हा सुटला, आणि जमिनीवर पडता पडता तिसऱ्या वेळी तिनं तो एका हातात पकडला. उतू जाणाऱ्या दुधाचं पातेलं सांडशीतून निसटावं आणि ओट्याखाली पोचायच्या आत धरावं, अगदी तसं! दीप्तीनं एकूण पाच बळी घेतले. शेवटचा झेल मागे धावत जाऊन स्वतः हरमनप्रीतनं घेतला. दक्षिण आफ्रिका २४६ वर सर्वबाद. आपण ५२ धावांनी जिंकलो. आधीच्या बारा स्पर्धांत ऑस्ट्रेलियानं सात वेळा, इंग्लंडनं चार वेळा आणि न्यूझीलंडनं एकदा हा चषक नेला होता. तेराव्या खेपेला तो आपल्याकडे आला.

मध्यरात्र झाली होती. गावात कुठेतरी फटाके वाजले. मला वाटलं होतं, आपण उड्या मारू, ओरडू. तसं काही झालं नाही. मी नुसती बसून राहिले. रडू आलं ते नंतर. चषक घेतल्यावर ह्या मुली मैदानाला फेरी मारायला निघाल्या आणि तिथे उभ्या असलेल्या मिताली राज आणि झूलन गोस्वामी ह्यांच्या हातात त्यांनी तो चषक दिला. २००५ ला हरलेल्या, २०१७ ला हरलेल्या, चषक न जिंकताच निवृत्त झालेल्या. त्यांनी तो छातीशी धरला.

"कामून रडती गं? जिंकल्या ना?" सासूबाईंनी विचारलं. मी त्यांना सांगितलं, की ह्या दोघी आधीच्या. पंधरा-वीस वर्षं खेळल्या, दोनदा शेवटपर्यंत पोचून हरल्या. सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी पेरलं त्यांनी, आन् काढणी झाली हिच्या हातनं. मग खळ्यावर पयला मान पेरणारणीचाच की!"

बघा, कितीही लेख वाचले तरी मला जे नेमकं सापडलं नव्हतं, ते कधीही क्रिकेट न पाहिलेल्या बाईनं एका वाक्यात सांगितलं.

वाट पाहणाऱ्यांत आणखी एक माणूस होता. संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. १९८८ साली शाळेच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ह्यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पायाला पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे देशी सामन्यांत त्यांनी अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. त्या रात्री हरमनप्रीत त्यांच्या पाया पडली, तेव्हा मला वाटलं, पॅड बांधून बसून राहण्याचंही चीज होतं कधी कधी.

आमच्या किल्ल्यात चाँद मिनार आहे. दोनशे फुटांवर उंच. विजयाची खूण म्हणून बांधला असं सांगतात. तो कुणी बांधवला ते पुस्तकात असतं. पण पायाचा पहिला दगड कुणी वाहून आणला, तो किती वेळा घसरून पडला, ते कुणाला ठाऊक? १९७३ साली पुण्यात खेळलेल्या त्या तीन संघांतल्या मुलींची नावं मलाही पाठ नाहीत. त्यांपैकी कुणी आज सत्तरीच्या असतील, नातवंडांना गरम पोळी वाढत असतील. त्या रात्री त्यांनी टीव्ही पाहिला असेल का, हे माझ्या मनात कितीतरी दिवस घोळत होतं.

आता ह्या विजयानं काय बदललं, ते सांगते. कप जिंकला म्हणून आमच्या नळाला पाणी लवकर आलं नाही आणि माझी तासिकाही वाढली नाही. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आठवीतल्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. "बाई, तुम्ही मॅच पाहिली? तो कॅच पाहिला?" ह्याच मुली सहावीपर्यंत मैदानावर धुडगूस घालत होत्या. आठवीत आल्या की मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभ्या राहतात. कुणी "खेळू नका" असा फलक लावलेला नसतो. ओढणी सांभाळायची असते, घरून बोलणी बसतात, मुलं हसतात आणि मैदान आपोआप त्यांचं उरत नाही. माझ्या स्वतःच्या मुलीबद्दलही शेजारणीनं उन्हाळ्यातच सुचवून ठेवलं होतं, "आता मोठी होतेय हो, किती दिवस पोरांत खेळायची?" सासूबाईंचंही तेच मत होतं.

दुसरा बदल जास्त गमतीचा आहे. विश्वचषकानंतर आठवडाभरानं एका मुलीचे वडील मला विचारायला आले, "बाई, मुलींच्या क्रिकेटात म्हणे पैसा आहे. आमचीला घालावं म्हणतो. किती वर्षांत निघेल?" त्यांचं खोटं नाही. जिंकलेल्या संघाला मंडळानं ५१ कोटी रुपये जाहीर केले. एकदिवसीय सामन्यामागे पुरुषांइतकेच सहा लाख रुपये मुलींनाही देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२२ मध्येच झाला आहे. आठ हजारांपासून इथवर गाडी आली, ह्याचा मला आनंदच आहे. खेळणाऱ्या मुलीला पैसे मिळालेच पाहिजेत.

पण त्या गृहस्थांचं बोलणं ऐकून मला चुटपुट लागली. काल "काय उपयोग?" म्हणून मुलीला खेळू द्यायचं नाही, आणि आज उपयोग दिसला म्हणून खेळायला घालायचं. मधल्या मधे ती मुलगी राहिलीच की! शंभरातल्या नव्याण्णव मुली काही स्मृती मानधना होणार नाहीत. त्यांनी मग भिंतीलाच टेकून राहायचं? मुलगा संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर पडतो, तेव्हा "ह्यातून किती मिळणार?" असं त्याला कुणी विचारत नाही. त्याला घाम येतो, भूक लागते, रात्री तो गाढ झोपतो, एवढं पुरतं. मुलीला तेवढंच का पुरू नये?

मी त्यांना म्हटलं, "पैशाचं नंतर बघू. आधी शनिवारी तिला तास संपल्यावर अर्धा तास थांबू द्या." आता शनिवारी आम्ही थांबतो. बॅट एकच आहे, तीही जुनी. म्हणून निम्म्या मुली खो-खो खेळतात. खो-खोला काही लागत नाही आणि तो तर आपल्या मराठवाड्याचा जीव की प्राण. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. आणि धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. ही नावं मी मुलींना सांगते. मात्र "तुम्हीही तसं व्हा" असं मुद्दाम सांगत नाही. खेळा म्हणते, बस्स.

पहिल्या शनिवारी आठ मुली थांबल्या, दुसऱ्या शनिवारी पाच. मग अकरा. कधी कुणाच्या घरी पाहुणे असतात, कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. चालायचंच. ज्या येतात त्यांचे लाल झालेले चेहरे बघितले, की मला पुढचा प्रश्न पडत नाही.

आणि आमच्या घरी? सासूबाईंनी आपलं मत बदललं असं काही जाहीर केलं नाही. तशी त्यांची पद्धत नाही. पण एका संध्याकाळी मुलगी चेंडू घेऊन दाराशी घुटमळत होती, तेव्हा त्याच आतून म्हणाल्या, "जायचं तर जा, पण दिवेलागणीच्या आत ये. आन् भावाला पण ने, त्याला चेंडू आणून द्यायला ठेव."

मैत्रिणींनो, तुमची आवड क्रिकेटचीच असावी असं मुळीच नाही. कुणाला जुनी गाणी ऐकावीशी वाटतील, कुणाला आकाशातले तारे ओळखावेसे वाटतील, कुणाला नुसतंच संध्याकाळी टेकडीवर जाऊन बसावंसं वाटेल. घराचं सगळं करून, कुणाचं काही न अडवता, आठवड्यातला एखादा तास त्या आवडीसाठी ठेवा. आणि तो चोरून घेऊ नका. घरात सांगून घ्या, "हा माझा वेळ आहे." पहिल्यांदा हसतील. हसू द्या. तेवढी मेथी मात्र त्यांच्या पुढ्यात सरकवून ठेवा.